आमचा उमेदवार

आमच्या सोसायटीच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींचा एक बाक आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात या बाकाची फाळणी झाली. एका टोकाला कमला हॅरिस आणि दुसऱ्या टोकाला डोनाल्ड ट्रम्प बसू लागले. हॅरिसबाईंच्या बाजूचे गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, ट्रम्पसाहेबांच्या बाजूचे एका शाळेचे माजी मुख्याध्यापक. तीस वर्षांचा दोघांचा घरोबा. पाच तारखेला तिकडे मतदान झालं, सहा तारखेला आपल्याकडे निकाल कळला आणि मुख्याध्यापक पेढ्यांचा पुडा घेऊन बागेत आले. इंजिनिअरसाहेबांनी ‘मला मधुमेह आहे’ म्हणून पेढा परत केला. मधुमेह त्यांना आहे हे खरं, पण चारच दिवसांपूर्वी दिवाळीत याच मुख्याध्यापकांच्या घरच्या करंज्या त्यांनी किती खाल्ल्या, हे मोजायला मी समोर होतो.

दोघांपैकी एकालाही अमेरिकेत मत नाही. इंजिनिअरसाहेबांचा मुलगा न्यू जर्सीत असतो, पण तो अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत. म्हणजे त्यालाही नाही. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा नातू पोट धरून हसला. म्हणाला, “आजोबा, मत नसताना कुणी एवढं भांडतं का?”

मी हसलो नाही. या विषयात माझं पूर्वचरित्र फारसं स्वच्छ नाही.

गोष्ट १९६९ सालची आहे. आम्ही तेव्हा गिरगावात, चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले आणि नव्या राष्ट्रपतीची निवडणूक १६ ऑगस्टला ठरली. एरवी राष्ट्रपतीची निवडणूक म्हणजे दूरच्या नात्यातलं लग्न. पत्रिका येते, आपण ‘बरं झालं’ म्हणतो. पण त्या वर्षी आमच्या चाळीला घरचं कार्य निघाल्यासारखं झालं, कारण उमेदवारांत चिंतामणराव देशमुख होते.

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, हे नाव नुसतं घेता येत नसे. ते आधी सदऱ्याची वरची गुंडी लावत. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला मुलगा, १९१२ साली मॅट्रिकला पहिला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, विलायतेत आय.सी.एस.च्या परीक्षेत पुन्हा पहिला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, मग देशाचा अर्थमंत्री, आणि एवढं सगळं करून कालिदासाचं मेघदूत मराठीत आणणारा! आमचं मूळ गाव महाडच्या पट्ट्यातलंच. त्यामुळे अण्णांच्या बोलण्यातून ऐकणाऱ्याचा असा समज होई, की त्या पहिल्या नंबरात दोन-चार मार्क आमच्याही घराण्याचे असावेत. त्यातून १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. “खुर्ची सोडून दाखवली,” अण्णा म्हणत, “नुसती सही ओळखत होतो आपण नोटेवरची. माणूस त्या दिवशी कळला.”

मीही कट्टर देशमुखवाला होतो. वय तेवीस, एका बँकेत टेंपररी कारकून. चाळीच्या कठड्याला टेकून मी चिंतामणरावांबद्दल असा बोलत असे, की जणू मेघदूताची मुद्रितं मीच तपासली होती.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले मास्तर मात्र गिरींचे. मास्तर डाव्या वळणाचे, व्ही. व्ही. गिरी कामगार चळवळीतून आलेले. तिसरे उमेदवार नीलम संजीव रेड्डी हे काँग्रेसचे अधिकृत. त्यांच्या उमेदवारी अर्जावर खुद्द इंदिरा गांधींची सही होती, आणि नंतर त्याच बाईंनी आपल्या पक्षाच्या लोकांना सांगितलं, की सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या. ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्द तेव्हापासून जो राजकारणात शिरला तो आजतागायत बाहेर आलेला नाही. आमच्या चाळीत रेड्डींच्या बाजूचा एकच माणूस होता, तळमजल्यावरचा वाणी. त्याचं म्हणणं, अर्जावर एकदा सही केली की केली. धंद्यात असंच असतं.

अण्णा आणि मास्तर यांचे वाद मोरीच्या नळावर सुरू होत आणि पाणी गेल्यावरही चालत.

“अहो अण्णा,” मास्तर म्हणत, “तुमच्या देशमुखांना पाठिंबा कुणाचा? स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ! राष्ट्रीयीकरण म्हटलं की स्वतंत्रवाल्यांच्या अंगावर काटा येतो.”

“आणि रिझर्व्ह बँक १९४९ साली सरकारच्या मालकीची झाली तेव्हा गव्हर्नर कोण होतं? इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली तेव्हा अर्थमंत्री कोण? १९५६ साली आयुर्विमा सरकारनं घेतला तो कुणाच्या काळात? आमच्या देशमुखांनी राष्ट्रीयीकरण केलं तेव्हा तुमच्या गिरींनी काय केलं होतं?”

“म्हणजे अण्णा, ज्यानं राष्ट्रीयीकरण केलं त्याला राष्ट्रीयीकरण नको म्हणणारे उभा करतात, आणि तुम्ही टाळ्या वाजवता!”

यावर अण्णा बादली उचलून घरात येत. मास्तर एकदा मागून ओरडले, “खरं सांगा अण्णा, देशमुख मद्रासकडचे असते तर?” अण्णा त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत. भात मात्र नेहमीपेक्षा जास्त कालवला.

मला तेव्हा हा प्रश्न आगाऊपणाचा वाटला होता. आता वाटतं, चाळीत त्या तीन महिन्यांत विचारला गेलेला तो एकमेव धड प्रश्न. आपला उमेदवार आपल्याला का आवडतो? तो मोठा म्हणून, की त्याच्या मोठेपणाशी आपलं काही लांबचं नातं लागतं म्हणून? अण्णांच्या बाबतीत दोन्ही खरं होतं, आणि दोन्हींतलं किती कुठलं हे त्यांचं त्यांनाही वेगळं काढता आलं नसतं. पण निदान अण्णांना तो प्रश्न टोचला.

अशात १९ जुलैला, शनिवारी, चौदा बँका सरकारनं घेतल्या. त्यांत आमचीही होती. वटहुकमावर सही हंगामी राष्ट्रपती म्हणून गिरींची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी निवडणुकीसाठी राजीनामा दिला. त्याच वेळी माणूस चंद्रावर उतरला, पण आमच्या बँकेत त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. युनियनच्या चिटणीसांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, “आता टेंपररी सगळे पक्के होणार. फक्त गिरी यायला हवेत.” मी मान हलवली. मान हलवायला पैसे पडत नाहीत. घरी येऊन पुन्हा चिंतामणरावांबद्दल दोन वाक्यं जास्तच बोललो.

ऑगस्टात मास्तरांनी टूम काढली, की मतदान चाळीतही घ्यायचं. अगदी घटनेप्रमाणं. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमदाराच्या मताची किंमत त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. लोकसंख्येला आमदारांच्या संख्येनं भागायचं आणि पुन्हा हजारानं. आज महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५ चं, उत्तर प्रदेशच्याचं २०८ चं, गोव्याच्याचं २० चं आणि सिक्कीमच्याचं ७ चं. मास्तरांनी तोच हिशेब चाळीला लावला. प्रत्येक कमावत्या माणसाला मत, आणि किंमत म्हणजे घरातली डोकी भागिले कमावते. आमच्याकडे सात डोकी, दोन कमावते. साडेतीन. अर्धा किंवा जास्त उरला तर पुढचा आकडा धरायचा हाही घटनेचाच नियम, म्हणून अण्णांचं मत चारचं आणि माझं चारचं.

यावर शेवटच्या खोलीतल्या ब्रह्मचाऱ्यांनी बंड केलं. त्यांची मतं एकेकाची आणि नऊ पोरांच्या बापाचं अकराचं! “मग लाल त्रिकोण कशाला रंगवलाय भिंतीवर?” असा त्यांचा सवाल. आम्ही त्यांना हसलो. पुढं १९७६ साली संसदेनं घटनादुरुस्ती करून मतांची किंमत १९७१ च्या जनगणनेवर गोठवली, ती नेमकी याच कारणासाठी. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचं नुकसान होऊ नये म्हणून. ब्रह्मचारी मंडळी काळाच्या सात वर्षं पुढं होती. त्यांना श्रेय कुणी दिलं नाही.

आईनं विचारलं, “आणि मी? मी सकाळी पाचपासून करते ते कमावणं नाही?”

मास्तर गडबडले. म्हणाले, “वहिनी, नियमात बसत नाही हो. तुम्हाला मत नाही.”

“तुमच्यापैकी कुणाला आहे?” आई म्हणाली आणि आत गेली.

खऱ्या मतदानाच्या आदल्या रात्री मतदान झालं. मास्तरांच्या खोलीत टेबलावर गव्हाचा रिकामा डबा, शेजारी चिठ्ठ्या आणि पेन्सिल, मध्ये चादरीचा आडोसा. निवडणूक अधिकारी म्हणून सर्वांनी अण्णांना नेमलं. म्युनिसिपालिटीतले हेडक्लार्क, हिशेबाला चोख. चिठ्ठीच्या कोपऱ्यात मताची किंमत त्यांनीच घातली होती. नावापुढं १, २, ३ असे पसंतीचे आकडे टाकायचे.

मी चादरीआड गेलो. आत दिवा नव्हता, चादरीतून येईल तेवढाच उजेड. माझ्या मतानं दिल्लीत काही होणार नव्हतं. युनियनचे चिटणीस तिथं नव्हते. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती, आमिष नव्हतं, कुणी पाहत नव्हतं. माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीला याहून मोकळी जागा चाळीत मिळणं अवघड. आणि मी पेन्सिल उचलून गिरींच्या नावापुढं १ लिहिलं. देशमुखांपुढं २.

का लिहिलं, याचं उत्तर मी पन्नासहून अधिक वर्षं बदलत आलो आहे. कधी म्हणतो, तो माझ्या अंतरात्म्याचा आवाज होता; खेड्यापाड्यांत कर्ज पोचायचं तर बँका सरकारच्या हव्यात, असं मला आतून वाटत होतं. ते खोटं नव्हे. पण अंतरात्म्याच्या शेजारीच पोट असतं, आणि दोघांचा आवाज एकाच दिशेनं आला तर बोललं कोण, हे कसं ओळखावं? दिल्लीत त्या आठवड्यात अंतरात्मे जागे झाले त्यांतल्या कितींना पुढं मंत्रिपदाची स्वप्नं पडत होती, यावर मास्तरही गप्प बसत. मला त्यांना हसता येत नाही. त्यांना निदान खरं मत होतं. मी काल्पनिक मतातसुद्धा स्वतःचा फायदा पाहिला.

मग कठड्याला टेकून जे तीन महिने बोललो ते काय होतं? तेही खोटं नव्हतं, हीच तर अडचण आहे. चिंतामणरावांबद्दल मला आदर होता, आजही आहे. पण त्या आदराची मला एक दमडी मोजावी लागली नव्हती. थोर माणसाच्या बाजूला उभं राहिलं की आपण अर्धा इंच उंच दिसतो; मला तेवढा अर्धा इंच हवा होता.

अण्णांनी डबा उपडा केला. एकेक चिठ्ठी उघडायची, पाहायची, वहीत आकडा मांडायचा. नाव मोठ्यानं वाचायचं नाही, गुप्त मतदान म्हणजे गुप्त, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. एका चिठ्ठीशी ते जरा थांबले. चष्मा पुसला. कोपऱ्यात चारचा आकडा असलेल्या चिठ्ठ्या साऱ्या डब्यात दोनच होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांतली एक त्यांची स्वतःची.

निकाल त्यांनी उभं राहून वाचला. गिरी ३३, देशमुख ३१, रेड्डी ६. रेड्डींचं मत एकट्या वाण्याचं, आणि त्यानं दुसरी पसंती दिलीच नव्हती. उधारीला दुसरा जामीन तो मानत नसे. म्हणजे गिरी निवडून आले. चार इकडचे तिकडे गेले असते तर देशमुख ३५, गिरी २९. ही वजाबाकी मी जागच्या जागी केली. अण्णांची माझ्याआधी झाली असणार. त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, घरी नेल्या आणि आईच्या शेगडीत घातल्या.

दिल्लीचा निकाल २० ऑगस्टला लागला. पहिल्या पसंतीची मतं गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, चिंतामणरावांना १,१२,७६९. कोटा कुणाचाच भरला नाही, म्हणून दुसरी पसंती मोजावी लागली. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. पंधरा हजारांहूनही कमी फरक. (वाण्याचे रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले. उधारी वसूल व्हायला वेळ लागतो, हे वाण्याला ठाऊक होतं.)

मी त्याच बँकेत पक्का झालो, तिथूनच निवृत्त झालो, आणि तिच्याच पेन्शनीवर ही औषधं चालली आहेत. इंजिनिअरसाहेब आणि मुख्याध्यापक यांचं अजून बोलणं नाही. मध्यस्थी मी करावी असं सर्वांचं मत पडलं. मी टाळतो आहे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मास्तर वर्तमानपत्र नाचवत आमच्या दारात आले. “अण्णा, चाळीनं देशाची नाडी बरोबर ओळखली की नाही?” अण्णा म्हणाले, “ओळखली, मास्तर. बसा, चहा घ्या.” मास्तर चहा पिऊन गेले. अण्णांनी पेपर नीट वाचला, चौकोनी घडी घातली आणि माझ्याकडे सरकवला.

“वाच,” ते म्हणाले. “तुझे गिरी आले.”