मृतांविरुद्ध साक्ष

सूडाची कथा माणसाला आवडते, आणि हे मान्य करण्यास धर्मगुरूनेही संकोचण्याचे कारण नाही. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याला रावणाचा पुतळा पेटतो, तेव्हा पंचक्रोशीतील माणसे लेकराबाळांसह लोटतात. अन्याय करणाऱ्याला त्याच्या कर्माचे फळ मिळाले, हे डोळ्यांनी पाहण्यात एक खोल समाधान असते. ऐतिहासिक कादंबरी हाती घेतो, तेव्हा आपण बहुधा याच समाधानाच्या शोधात असतो. राजवाडा, वारसाहक्काचा तंटा, अंतःपुरात शिजणारे कारस्थान, फितूर झालेला सेवक आणि अखेर उगवलेला सूड, एवढे साहित्य जमले की वाचकाला झोप सुचत नाही. मग तो वाडा पुण्यातला असो की नाईल नदीकाठचा. फिनलंडच्या मिका वाल्टारीने, खुद्द इजिप्तच्या नगीब महफूज यांनी फारोंच्या काळावर कादंबऱ्या रचल्या आणि जगाने त्या वाचल्या.

अशी पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत का, असे काही पालक आम्हाला विचारतात. आमच्या मते हा प्रश्न गौण आहे. राजवाड्यातील रक्तपात वाचून मुले बिघडत असती, तर पवित्र ग्रंथातील राजांची पुस्तके प्रथम कुलपात ठेवावी लागली असती. अवघड प्रश्न वेगळाच आहे. जो माणूस मेला, ज्याला आता आपली बाजू मांडता येत नाही, त्याच्या माथी खून मारण्याचा अधिकार कथेला असतो का? शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, असे आठवी आज्ञा सांगते. दोनशे वर्षांपूर्वी वारलेली व्यक्ती आपली शेजारी ठरते की नाही?

प्रथम इजिप्तकडेच वळू. इसवी सनापूर्वी सुमारे ११५५ मध्ये तिसरा रामसेस या फारोविरुद्ध त्याच्याच अंतःपुरात कट रचला गेला. तिये नावाच्या राणीला आपला पुत्र पेंटावेरे याला गादीवर बसवायचे होते. सेवक, अधिकारी, मंत्रतंत्र जाणणारे, सारे त्यात ओढले गेले; मेणाच्या बाहुल्या करून जादूटोणाही झाला. कट उघडकीस आला. गादी ठरलेल्या वारसालाच, म्हणजे चौथ्या रामसेसला मिळाली आणि आरोपींवर खटला चालला. त्या खटल्याची नोंद असलेला पपायरस इटलीतील तुरीन शहरात जतन केलेला आहे. न्यायासाठी नेमलेल्यांपैकीच काही जण आरोपी स्त्रियांबरोबर मेजवानी झोडताना सापडले आणि त्यांचे नाक-कान कापले गेले, असेही त्यात लिहिलेले आहे. राजपुत्राला स्वतःच्या हाताने जीव द्यावा लागला. रामसेसचा खून झाला होता की नाही, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद होते. २०१२ मध्ये त्याच्या ममीच्या क्ष-किरण तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गळा खोलवर चिरलेला होता.

कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे! परंतु आमचे लक्ष त्या पपायरसातील दुसऱ्याच एका गोष्टीकडे जाते. त्यात कित्येक आरोपींची नावे मुद्दाम बिघडवून लिहिलेली आहेत. एकाच्या नावाचा अर्थ ‘रा त्याचा द्वेष करतो’ असा होतो. रा म्हणजे त्यांचा सूर्यदेव. कोणती आई आपल्या लेकराचे असे नाव ठेवील? लेखनिकाने मूळ नाव पुसले आणि त्या जागी शाप लिहिला. ज्या समाजात नाव टिकले तरच मरणोत्तर जीवन टिकते अशी श्रद्धा होती, तेथे नाव बिघडवणे म्हणजे मेलेल्याला पुन्हा मारणे होते. देहदंड जल्लादाने दिला. त्यानंतरचा सूड लेखणीने घेतला.

अक्षर बदलून माणूस मारल्याची गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्याकडे तिचा वाक्प्रचारच झाला आहे. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे थोरले माधवराव वारले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यात नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराची ओरड करीत गारदी वाड्यात घुसले. नुकती अठरा वर्षे पूर्ण झालेला तो पेशवा जीव वाचवण्यासाठी चुलत्याकडे धावला आणि तेथेच कापला गेला. ‘नारायणरावास धरावे’ अशी मूळ आज्ञा होती आणि रघुनाथरावांची पत्नी आनंदीबाई हिने ‘ध’ चा ‘मा’ करून ‘मारावे’ असे केले, ही कथा मराठी मुलखात कोणाला ठाऊक नाही?

मात्र ही कथा आपल्यापर्यंत कशी आली, ते पाहिले पाहिजे. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ती नोंदवली. तो ग्रंथ १८२६ चा, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी छापलेला. तोवर पेशवाई बुडाली होती आणि आनंदीबाईला जाऊनही बत्तीस वर्षे लोटली होती. ज्यावर अक्षर फिरवले गेले, तो कागद अभ्यासकांच्या हाती नाही. बाई मानी होती, पतीच्या हक्कासाठी झुंजणारी होती, हे खरे असेल. पण मानी असणे आणि खुनी असणे यांत अंतर आहे. ते अंतर आधी कुजबुजीने, नंतर रंगभूमीने आणि चित्रपटाने पार केले. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ चे आणि प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ चा. दोन्ही कलाकृती थोर आहेत, यात शंका नाही. आणि थोर असल्यामुळेच त्यांनी रंगवलेली आनंदीबाई लोकांच्या मनात इतिहासातील बाईच्या जागी जाऊन बसली. सामान्य नाटककाराची खोटी साक्ष चार प्रयोगांत विरून जाते. प्रतिभावंताची मात्र शतकभर टिकते, हा त्याच्यावरचा जास्तीचा भार आहे.

कोणी म्हणेल, मेलेल्या पेशवीणबाईंची एवढी काळजी हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाने का करावी? सांगतो. कळमनुरी असो, सेनगाव असो की वसमत, दोन भाऊ वेगळे झाले, बांधावरून वाद झाला, एका चुलीच्या दोन झाल्या की गाव कारण शोधू लागते. भावांच्या मनात वर्षानुवर्षे साचलेला हव्यास कोणाला दिसत नाही. वाटणी करताना बापाने केलेला पक्षपात दिसत नाही. दिसते ती धाकटी सून. ‘हिनेच ध चा मा केला,’ असे एखादी म्हातारी पारावर बोलून जाते आणि चौकशी संपते. त्या सुनेला त्या घरात, त्या गल्लीत पुढची चाळीस वर्षे काढायची असतात. रघुनाथरावांचा हव्यास सोयीस्करपणे विसरून आनंदीबाईला खलनायिका ठरवणारी कथा अशी आपल्या उंबरठ्याच्या आत आलेली असते. मिस्सेला येणारी घरेही याला अपवाद नाहीत, हे येथे नोंदवलेले बरे.

मग दोष कोणाचाच काढू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. याच प्रकरणात रामशास्त्री प्रभुणे उभे आहेत. त्यांनी खुनाची चौकशी केली, सुमारे पन्नास माणसांना दोषी धरले आणि खुद्द सत्ताधारी रघुनाथरावांना तोंडावर सांगितले की, या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही. मग ते अधिकार सोडून पुण्याबाहेर पडले. शास्त्रीबुवांनी ज्याच्यावर आरोप ठेवला, तो जिवंत होता, समोर बसला होता, त्याला उत्तर देता येत होते आणि त्याच्या हाती आरोप करणाऱ्याला चिरडण्याचे सामर्थ्य होते. इजिप्तच्या लेखनिकाने ज्यांची नावे बिघडवली, त्यांच्या हाती काहीच उरले नव्हते. न्याय आणि सूड ओळखण्याची पुष्कळ लक्षणे ग्रंथांतून सांगितली जातात. आम्हाला हे एक पुरेसे वाटते: बोलणाऱ्याने बोलताना स्वतःचे काय पणाला लावले?

कल्पनेला मज्जाव करावा, असाही आमचा आग्रह नाही. कागदपत्रे जेथे गप्प असतात, तेथेच कादंबरीकाराचे काम सुरू होते. योसेफाच्या कथेतील पोटीफरच्या पत्नीचे पाहा. उत्पत्तीच्या पुस्तकात तिने निरपराध तरुणावर खोटा आळ घेतला आणि त्याला तुरुंगात धाडले. येथे तर अपराध ग्रंथातच लिहिलेला आहे. तरीही थोमास मान या जर्मन कादंबरीकाराने १९३३ ते १९४३ या काळात योसेफावर चार खंड प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने या बाईला नाव दिले, एकटेपण दिले, दीर्घकाळ स्वतःशी चाललेला झगडा दिला. तिचा अपराध त्याने पुसला नाही. अपराधाच्या मागे उभा असलेला माणूस दाखवला. कल्पनेने मृताच्या पदरात काही घालता येते, तसे त्याच्याजवळचे हिरावूनही घेता येते. आनंदीबाईच्या वाट्याला बव्हंशी दुसराच प्रकार आला. नाशिकजवळ आनंदवल्ली येथे १७९४ मध्ये ती वारली. वैधव्यात नानांच्या पहाऱ्याखाली काढलेली तिची वर्षे, कैदेत वाढणारी तिची मुले, यांवर आपल्याला किती पाने वाचल्याचे आठवते?

आणि योसेफाने काय केले? फारोचा कारभारी झाल्यावर देशातील सारे तुरुंग त्याच्या शब्दावर उघडत आणि मिटत होते. पोटीफरच्या पत्नीला धडा शिकवणे त्याला एका दिवसाचे काम होते. पवित्र ग्रंथात तिचे पुन्हा नावही येत नाही. सूडकथेच्या वाचकाला ही मोठी निराशाच म्हणावी लागेल. भावांनी त्याला वीस रुपयांना विकले होते. तेही दुष्काळात धान्यासाठी त्याच्या पायाशी आले, आणि त्याने त्यांची कठोर परीक्षा घेतली खरी, पण अखेर त्यांना पोटाशी धरले.

तरी भावांची भीती गेली नाही. बाप याकोब वारला, तेव्हा त्यांना वाटले, आता हा जुना हिशेब काढणार. मग त्यांनी योसेफाला निरोप पाठवला की, भावांना क्षमा कर, असे वडील मरण्यापूर्वी सांगून गेले आहेत. याकोब असे काही बोलल्याचे ग्रंथात आधी कोठेही आलेले नाही. भावांनी भीतीपोटी बापाच्या तोंडी हे शब्द घातले असावेत, असे अनेक भाष्यकारांना वाटते. मेलेल्या माणसाच्या नावे रचलेले शब्द. फरक इतकाच की, हे कोणाला मारण्यासाठी रचलेले नव्हते. मिसर देशाच्या कारभाऱ्याला त्या निरोपाचा शहानिशा करणे अवघड नव्हते. त्याने ती केली, असे ग्रंथ सांगत नाही. निरोप ऐकून योसेफ रडला, एवढेच सांगतो.