कुंपणापलीकडची फुले

पूर्वमीमांसेत याग म्हणजे देवतेला उद्देशून केलेला द्रव्याचा त्याग मानला असून, आहुतीच्या वेळी उच्चारले जाणारे ‘न मम’ हे शब्द त्या त्यागाची खूण होत. जे आपले नाही ते सोडता येत नाही, म्हणून त्यागापूर्वी ‘स्वत्व’, म्हणजे वस्तूवरील मालकीचा संबंध, सिद्ध असावा लागतो. यजमानाने सर्वस्व द्यावयाच्या विश्वजित् यागाची चर्चा करताना जैमिनीच्या सूत्रांनी ही अट काटेकोरपणे लावली: मातापिता आप्त असले तरी धन नव्हेत आणि भूमी सर्वांना सारखीच आहे, म्हणून दोहोंचे दान होत नाही.

घराच्या अंगणात लावलेला पारिजातक या विचाराला पेचात टाकतो. पानझडी जंगलातील डोंगरउतारांवरचा हा लहान वृक्ष विरळ सावली सोसतो. त्यामुळे भिंतीच्या आडोशाला अर्धा दिवसच ऊन येणाऱ्या परसातही, पाणी साचत नसेल तर, तो रुजतो, मात्र सावली दाट झाली की बहर उणावतो. उन्हाळ्यात निष्पर्ण झालेले झाड वाळले असे समजून तोडण्याची घाई करू नये, आणि फुले नव्या फुटव्यांवर येत असल्याने छाटणी बहर ओसरल्यावरच करावी. एवढी निगा राखूनही, संध्याकाळी उमललेले फूल पहाटे केशरी देठासह आपोआप गळते, आणि कुंपणापलीकडेही पडते. सत्यभामेच्या दारच्या झाडाची फुले रुक्मिणीच्या अंगणात पडत, या लोककथेतील पेच हाच आहे. (पुराणांतला पारिजात हाच वृक्ष, याविषयी एकमत नाही, बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर येथे त्या नावाने पुजला जाणारा वृक्ष गोरखचिंचेचा आहे.)

झाडानेच टाकलेले फूल वाहण्यात त्याग कोणता, असा आक्षेप मीमांसक घेऊ शकेल. गौतमधर्मसूत्राने स्वत्वाच्या कारणांत वारसा आणि खरेदी यांच्यासोबत ‘परिग्रह’, म्हणजे कोणाचीच नसलेली वस्तू ताब्यात घेणे, हेही कारण सांगितले आहे. त्या न्यायाने वेचणे हीच मालकीची सुरुवात ठरते, आणि शेजारणीने वाहिलेले फूल लावणाऱ्याने वाहिलेल्या फुलाइतकेच खरे अर्पण होते. हेच सूत्र पुढे वेलींची व वृक्षांची फुले स्वतःची असल्याप्रमाणे घेण्यास मुभा देते, फळे मात्र कुंपण नसलेल्या झाडांचीच घ्यावीत असे बजावते. पारिजातक लावणाऱ्याचा निर्विवाद हक्क अशा रीतीने त्याच्या चपट्या, कोरड्या आणि कोणालाच नको असलेल्या फळावर तेवढा उरतो.