श्वास पूर्ववत होणार नसेल, तर उपचार कशासाठी?

आपल्या बैठकीची सुरुवात बहुधा एकाच सूचनेने होते : 'सावकाश, दीर्घ श्वास घ्या.' भाषांतर सेवेत ही ओळ मी हिंदीतून मराठीत कितीदा उतरवली, त्याला गणती नाही. ती एखाद्याला बोचू शकते, हे मात्र मला डेराबस्सीत कळले.

डेराबस्सी हे चंडीगड-अंबाला रस्त्यावरचे कारखान्यांचे गाव. औषधांचे आणि रसायनांचे कारखाने येथे बरेच. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही येथे राहतो. आमच्या रविवारच्या सामूहिक ध्यानाला एक मराठी आजी येऊ लागल्या. त्या भोपाळहून मुलाकडे आलेल्या. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्या भोपाळच्या जुन्या शहरातच होत्या. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने म्हणालो, "आजी, श्वासाकडे लक्ष द्या, हळूहळू सगळं बरं होईल." त्या म्हणाल्या, "बाळा, चाळीस वर्षं दुसऱ्या कशाकडे लक्षच गेलं नाही रे." पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत.

मग मी वाचायला बसलो. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून त्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. ते बनवण्यासाठी तेथे फॉस्जिन वापरत. हाच फॉस्जिन वायू पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला गेला होता. इराणमधील सरदश्त शहरावर जून १९८७ मध्ये इराकने मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकले. तेथेही वाचलेली माणसे अशीच धाप सोबत घेऊन जगत आहेत. फुप्फुसातील अगदी बारीक नलिकांना व्रण पडतात, त्या आक्रसतात. पंपाने थोडे मोकळे वाटते, कफ पातळ करता येतो, संसर्ग झाला तर प्रतिजैविके, वेळ आली तर ऑक्सिजन, शिवाय झेपेल तेवढे चालणे. व्रण जात नाहीत. हे सारे आयुष्यभर करायचे.

जे बरे होणार नाही, त्यावर वर्षानुवर्षे खर्च आणि श्रम का करावेत? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आम्हाला 'फुल अँड फायनल' हा शब्द फार आवडतो. १९८९ मध्ये भोपाळची ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुतेक पीडितांच्या हाती सुरुवातीला २५ हजार रुपये पडले. जास्त भरपाईसाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये केलेली क्युरेटिव्ह याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. क्युरेटिव्ह म्हणजे बरे करणारी! कायद्याला कुठेतरी थांबावे लागते, हे मला समजते. पण वही मिटली तरी आजींचा पंप संपायचा थांबत नाही.

दुसरी एक वही आपण साधकच मिटतो. 'ज्याचे त्याचे प्रारब्ध' म्हटले की झाले. टाकीत पाणी शिरले, रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. कर्म कोणाचे आणि भोगले कोणी? कर्माचा विचार स्वतःकडे पाहण्यासाठी आहे, असे मला वाटते. दुसऱ्याच्या खोकल्याला तो लावला की आपण मोकळे होतो. माझे 'सगळं बरं होईल' हेही त्याच जातीचे होते. उद्या बरे वाटले नाही, तर दोष आजींच्या साधनेचा, नाही का?

भोपाळमध्ये १९९६ पासून देणग्यांवर चालणारे 'संभावना' नावाचे क्लिनिक आहे. तेथे गॅसपीडितांना मोफत उपचार मिळतात. आधुनिक औषधे, आयुर्वेद आणि योग तिथे एकाच छताखाली आहेत. हिंदीत संभावना म्हणजे शक्यता. आपल्या जुन्या मराठीत मात्र संभावना म्हणजे मान देऊन केलेला सत्कार. या रोगाच्या उपचाराला मला मराठी अर्थ अधिक जवळचा वाटतो. माणूस बरा होईल या बोलीवर तो केलेला नसतो. आज रात्री त्याला आडवे होऊन झोपता यावे, एवढ्यासाठीही तो करायचा असतो.

मी आजींच्या घरी जाऊन माफी मागितली. आता त्या पुन्हा येतात, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसतात, पंप मांडीवर असतो. दीर्घ श्वासाची सूचना आम्ही 'जसा येतो तसा श्वास येऊ द्या' अशी बदलली आहे. धुराने त्यांना उबळ येते, म्हणून अगरबत्तीही बंद केली. दोन ज्येष्ठ साधकांना त्यावाचून चुकल्या-चुकल्यासारखे होते. त्यांच्याशी बोलणे अजून चालू आहे.