सांध्यावरची मुद्रा

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या व्यासपीठावरून पीएम-किसान योजनेचा अठरावा हप्ता सोडण्यात आला आणि देशभरातल्या नऊ कोटींहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यांकडे सुमारे वीस हजार कोटी रुपये निघाले. त्या घटनेचा विचार करताना माझे मन रकमेपाशी थांबत नाही. तिने ओलांडलेल्या अदृश्य उंबरठ्यांपाशी ते रेंगाळते. जमीन कोणाच्या नावे हे महसुली नोंदी सांगतात, माणूस तोच आहे याची ग्वाही आधार देते, त्या आधाराशी कोणती बँक जोडली आहे हे एनपीसीआय या राष्ट्रीय देयक महामंडळाची सूची दाखवते, आणि अखेरीस ती बँक आपल्या वहीत हप्त्याचे दोन हजार रुपये मांडते. यांतली कोणतीही प्रणाली दुसरीच्या अंतरंगात शिरत नाही. तरीही त्यांच्या विरळ सहवासातून एक सलग कृती सिद्ध होते. आपापले स्वत्व राखून अनेकांनी एकत्र नांदावे कसे, हा प्रश्न संगणकाहून कितीतरी प्राचीन आहे.

१९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश येथे संगणकतज्ज्ञांची परिषद भरली, तेव्हा डग्लस मॅकिलरॉय यांनी अशी आकांक्षा मांडली, की प्रत्येक कामासाठी मुळारंभापासून लिहीत बसण्यापेक्षा पारखून घेतलेल्या सॉफ्टवेअर-घटकांचे भांडार असावे आणि ज्याने त्याने त्यातून हवे ते उचलावे. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी घटक पाडावेत कसे, याचे सूत्र दिले: जो निर्णय उद्या बदलण्याचा संभव आहे, तो घटकाच्या पोटात झाकावा, बाहेर दिसावे ते केवळ त्याचे वचन. कारंजा-लाडच्या पेठेतल्या दुकानदारासाठी बिलाचे सॉफ्टवेअर रचणाऱ्याला म्हणूनच स्वतंत्र बँकव्यवहार घडवावा लागत नाही. २०१६ पासून उपलब्ध असलेले यूपीआय तो जोडून घेतो, आणि यूपीआयच्या आत पुढे काय पालटते याची त्या बिलाला वार्ताही नसते. राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी योजनाही पीएम-किसानच्या लाभार्थ्यांवरच उभी राहिली. तिचा पाचवा हप्ता त्याच दिवशी, त्याच व्यासपीठावरून निघाला. या रचनेत मला काळाविषयीचा एक विनय जाणवतो: आपले आजचे ज्ञान अपुरे आहे हे ओळखून जो बांधतो, तोच येणाऱ्यांसाठी बदलाची वाट मोकळी ठेवतो.

ही वाट मला वाशीमच्या भूतकाळात घेऊन जाते, कारण वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लावला आहे, आणि तोही गांधर्व पद्धतीने, म्हणजे केवळ परस्परांच्या संमतीवर उभा राहणारा. याच शाखेचा संस्थापक सर्वसेन हा प्राकृत कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ काव्य आज उपलब्ध नाही, पण पुढच्या काव्यशास्त्रकारांनी त्यातली पद्ये आपापल्या ग्रंथांत उदाहरणांसाठी योजली, म्हणून तेवढी तरली. पूर्णाकृती नष्ट व्हावी आणि इतरांच्या उपयोगी पडलेले अंश उरावेत, यात निर्मात्याच्या अहंकाराला खिन्न करणारे काही असेल. मला मात्र त्यात सर्जनाचे निर्वाण नव्हे, सातत्य दिसते.

सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्यकाळाच्या सदतिसाव्या वर्षी दिलेल्या दानाचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीम येथे सापडला. त्यातली राजवंशाची प्रशस्ती संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात आहे: दोन भाषांचे दोन खंड, प्रत्येक आपल्या प्रयोजनाशी एकनिष्ठ. अशा दानपत्रांत वंशावळ, करांतून दिलेल्या सवलती, दान मोडणाऱ्याला दिलेला शाप हे भाग लेखकाच्या हाताशी तयारच असत. गाव आणि दान घेणारे तेवढे नव्याने घालायचे. त्या काळी अनेक पत्र्यांचा लेख एका कडीत ओवत, आणि अनेकदा कडीची टोके जिथे जुळत तिथे राजाची मुद्रा बसवत. पत्रे कडीवर सैल फिरत, उलटता येत, निरनिराळे वाचता येत. राजसत्तेने आपले नाव ठेवले होते ते मात्र जोडावर.

आपल्या काळाला याच ठिकाणी काही शिकायचे आहे असे मला वाटते. सात-बाऱ्यावर एक नाव आणि आधारवर त्याहून किंचित निराळे नाव असलेली एखादी वृद्ध शेतकरी स्त्री जेव्हा हप्त्यावाचून राहते, तेव्हा महसुली नोंद आपल्यापुरती खरी असते, आधारही आपल्यापुरते खरे असते, बँकेचीही चूक नसते. अवघे घटक निर्दोष असतात आणि तिचे पैसे येत नाहीत. घटकांमधले अंतर ही स्वातंत्र्याची पूर्वअट आहे, तिच्याविना दुरुस्ती नाही, पुनरुपयोग नाही, दीर्घायुष्यही नाही; पण त्या अंतरात उभ्या असलेल्या माणसाला उत्तर देणारा कोणी नसेल, तर स्वातंत्र्याचे रूपांतर औदासीन्यात होते. म्हणून प्रणाली घडवणाऱ्याची खरी कसोटी घटकाच्या सफाईत जितकी, त्याहून अधिक या एका कबुलीत असते: दोन सत्ये जिथे जुळत नाहीत, तिथले दायित्व माझे आहे.