मंडपांचा सण आणि आपली उपासना

बेंगळुरूत दक्षिण भारत मंडळीच्या अनेक उपासनामंदिरांत हंगामाचा सण होतो. वेदीपुढे ऊस, केळीचे घड, भोपळे यांची रास लागते आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव पुकारला जातो. शहरातल्या बहुतेक घरांना आता शेत नाही. पुष्कळशी फळे बाजारातूनच येतात. म्हणून हा सण पोकळ ठरतो काय?

पवित्र शास्त्रातील मंडपांचा सण पाहावा. तोही पिकांच्या संग्रहाचाच. परंतु धान्य घरी आल्यावर इस्राएलाने सात दिवस मांडवांत राहावे, अशी आज्ञा लेवीयाच्या २३ व्या अध्यायात आहे. कारण मिसर देशातून निघाल्यावर पूर्वज असेच राहिले होते. घर लाभलेल्याने आपले बेघरपण आठवावे, हे त्या सणाचे मर्म. त्या आनंदात कोणकोण असावे, हेही अनुवाद १६:१४ मध्ये नेमून दिले आहे: दास, दासी, उपरी, अनाथ, विधवा.

सण ही पुढे होणाऱ्या गोष्टींची छाया, असे पौल कलस्सैकरांस लिहितो. तेव्हा आपणही डहाळ्यांचे मांडव घालावेत, असे मी म्हणत नाही. तीही एक सजावटच होईल. मांडव या शहरात आहेतच. आपल्या इमारती बांधणारी रायचूर-यादगीरकडील कितीतरी कुटुंबे निळ्या ताडपत्रीखाली राहतात. इमारत पुरी झाली की त्यांचा मुक्काम हलतो. आपल्या अंगणात त्यांना कोणी बोलावले आहे काय? बोली लावण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नसतो. मग वेदीपुढचा तो घड आधी कोणाच्या हाती द्यावा?