खिशातली गोळी

चाकणजवळच्या म्हाळुंग्यात, कामगारांच्या खोल्यांपुढच्या अंगणात आशाताईंनी रविवारी तपासणी ठेवली होती. वहीत एक रकाना होता: चालू औषधे. वेल्डिंगवाले दादा खुर्चीत बसले.

"काही औषध चालू आहे?"

"नाही ताई."

मागच्या अकरा जणांनीही नाहीच सांगितलं.

आशाताईंना पटेना. पाळीभर उभं राहून काम करणारी माणसं, आणि कुणाचंच काही दुखत नाही? त्यांनी प्रश्न बदलला. "कंबर धरली की काय घेता?"

दादांनी खिशातून पाकीट काढलं. डायक्लोफिनॅक, 50 मिलिग्रॅम. सकाळी एक, पाळीवर जाताना एक, दोन वर्षं. रांगेतही खिसे चाचपले गेले. कुणी खोटं बोललं नव्हतं. डॉक्टरनं लिहून दिलं ते औषध. मेडिकलमधून मागून घेतली ती नुसती गोळी. हा भेद आपल्या घरोघरी आहे, आणि तपासणीच्या कागदाला तो कळत नाही.

"या गोळीवर तर मी उभा आहे," दादा म्हणाले.

खोल्यांच्या मालकीणआजी पायरीवर बसल्या होत्या. आशाताईंनी त्यांनाच विचारलं, "आजी, मेलेल्या बैलावर गिधाडं उतरायची ना? गेली कुठं?"

मग आशाताईंनीच सांगितलं. हेच औषध गुरांना टोचायचे. त्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांच्या मोठ्या कुप्या तरीही गुरांना टोचल्या जात, म्हणून 2015 मध्ये त्याही बंद केल्या.

"माणूस गिधाडासारखा लगेच जात नाही, दादा. पण किडनीचा रक्तपुरवठा नीट ठेवणारं शरीरातलं रसायन ही गोळी रोखते. त्यात तुमचा दिवसभर घाम, पाणी कमी. कंबर ओरडते, किडनी ओरडत नाही. म्हणून रक्त तपासायचं."

पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात दादांच्या रक्तातलं क्रिएटिनिन 1.9 निघालं; सव्वाच्या आत हवं होतं. डॉक्टरांनी गोळी त्याच दिवशी थांबवली, कंबरेचे व्यायाम शिकवले. तीन महिन्यांनी आकडा 1.6 झाला. त्याखाली तो उतरला नाही.

पुढच्या तपासणीला वहीतला रकाना खोडून आशाताईंनी हातानं लिहिलं होतं: खिशात काय आहे? खुर्चीत नवा पोरगा बसला. "मला काही चालू नाही," तो म्हणाला. शेजारी उभ्या दादांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि आधी स्वतःचा खिसा उलटा करून दाखवला.