परत फिरण्याचा अधिकार

एकट्याने हजारो किलोमीटर सायकल चालवणे किंवा हिमशिखर चढणे या कृतींचे मोल सहसा सहनशक्तीच्या मापाने ठरवले जाते. परंतु बीड जिल्ह्यात हे माप अपुरे पडते, कारण सहनशक्तीची वाण या भागाला कधीच पडलेली नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, फडाजवळ कोपी उभारून राहतात, पहाटेच्या थंडीत कोयता हाती घेतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात. दूरचे अंतर, शरीर मोडणारे श्रम आणि उघड्यावरचा मुक्काम ही साहसाची सारी बाह्य लक्षणे या प्रवासात असूनही त्याला साहस म्हणता येत नाही, आणि असे का, याचा विचार केल्याशिवाय साहसाचा गाभा हाती लागत नाही.

स्वीडनचा गिर्यारोहक योरान क्रॉप ऑक्टोबर 1995 मध्ये सामान लादलेल्या सायकलवरून नेपाळकडे निघाला. मे 1996 च्या प्रारंभी एव्हरेस्टचे शिखर जेमतेम 100 मीटर उरले असताना, उशीर झाला आहे आणि उतरणे धोक्याचे होईल हे ओळखून तो माघारी वळला, आणि त्याच महिन्याच्या 23 तारखेला कृत्रिम प्राणवायूशिवाय शिखरावर पोहोचला. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थपासून आरंभ करून, बहुतांश प्रवास एकटीने करीत, सुमारे 160 दिवसांत जवळपास 29,000 किलोमीटरची पृथ्वीपरिक्रमा सायकलवर पूर्ण केली. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लूटमार झाल्यावरही पुढे जायचे की थांबायचे, हा निर्णय त्यांचाच होता. या दोन्ही उदाहरणांत पुढे जाण्याला अर्थ आहे तो परतीची वाट मोकळी होती म्हणून.

ऊसतोड मजुराच्या वाटेवर नेमकी हीच मोकळीक नसते. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, फिटेपर्यंत पती-पत्नीच्या जोडीला, जिला व्यवहारात एक कोयता मानले जाते, काम सोडता येत नाही. आजारपणाने दिवस बुडाला तर त्याचा खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, अंगावर पडते. त्यामुळे या कष्टांचा केवळ गौरव करणे हे त्यांच्यामागील बंधनाकडे डोळेझाक करण्यासारखे आहे.

सोसण्याची ताकद आणि निवडीची संधी एकत्र आल्यास काय घडते, याची साक्ष याच जिल्ह्यातील अविनाश साबळे देतात. आष्टी तालुक्यातील मांडवा येथील शेतकरी कुटुंबात 1994 मध्ये जन्मलेल्या आणि शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायपीट केलेल्या साबळे यांनी बारावीनंतर सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये प्रवेश केला आणि सियाचीनच्या हिमनदीवर सेवा बजावली. पुढे 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडण्याच्या शर्यतीत, त्यांनी 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवले. लहानपणीची पायपीट गरजेची होती, शर्यत निवडीची. या दोहोंच्या मध्ये शिक्षण, नियमित वेतन आणि प्रशिक्षण उभे होते.

म्हणून साहसी वृत्ती रुजवण्याचा प्रश्न बीडमध्ये स्फूर्तिदायक व्याख्यानांनी सुटणारा नाही. आईवडील फडावर असताना मुलांना गावातच शिकता यावे यासाठीची हंगामी वसतिगृहे, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी आखलेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणि उचलीवाचून भागेल असे रास्त कर्ज, या गोष्टी साहसाच्या चर्चेत दूरच्या वाटल्या तरी त्याच त्याचा पाया आहेत. ज्या मुलीला शाळेत टिकून राहता येते, तिलाच आपला रस्ता ठरवण्याची, तो चुकल्यास मागे वळण्याची आणि पुन्हा निघण्याची मुभा मिळते. आणि ही मुभा सर्वांना देणे हे समाजाचे कर्तव्य आहे.